चाल ओळखीची, शब्द नवे

गाण्यांच्या जुन्या पुस्तिकांमध्ये शीर्षकाखाली एक बारीक ओळ असते. कंसात ‘चाल’ असे लिहून पुढे एखाद्या लावणीचे, अभंगाचे, नाट्यपदाचे किंवा सिनेमातल्या गाण्याचे पहिले दोनतीन शब्द दिलेले असतात. चार-आठ आण्यांना मिळणाऱ्या, पातळ कागदावर छापलेल्या या पुस्तिका मेळ्यांत, जलशांत, सभेच्या मांडवाबाहेर, नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि दादरच्या चैत्यभूमीवर विकल्या गेल्या. घेणाऱ्याने ती ओळ वाचली की त्याला पुढे काही शिकवावे लागत नसे. घरी जाऊन तो गाणे म्हणायला लागे. यांतल्या काही पुस्तिका पुढे अभ्यासकांच्या टेबलावर आल्या, तेव्हा त्यांचे शब्द बारकाईने वाचले गेले, शब्दांतले विचार तपासले गेले. चालीची ओळ मात्र छपाईचा तपशील म्हणून मागे पडली. या पुस्तकाचा सगळा भर त्या ओळीवर आहे. राजकीय गाणे लोकांच्या तोंडी का बसते, याचे निम्मे उत्तर तिथे आहे आणि ते वाचायचे फार काळ राहून गेले आहे.

चाल उसनी घेण्याची कारणे आधी साधी होती. १९५१च्या जनगणनेत देशातली साक्षरता सुमारे १८ टक्के होती, स्त्रियांमध्ये तर ती नऊ टक्क्यांच्याही आत होती. त्याआधीच्या शंभर वर्षांत पत्रके, वर्तमानपत्रे आणि ग्रंथ यांच्या आधारे उभी राहणारी कोणतीही चळवळ गावाच्या वेशीपाशी थांबणार हे उघड होते. गाणे वेस ओलांडत होते. त्यातही नवी चाल बसायला वेळ लागतो. ओळखीची चाल पहिल्या कडव्यातच ओठांवर येते आणि दुसऱ्या कडव्याला धृपद उचलायला सगळा जमाव तयार असतो. सभेला आलेला माणूस ऐकणारा म्हणून येतो आणि गाणारा होऊन जातो.

पण सोय हे एवढेच कारण असते, तर कोणतीही चाल कोणत्याही शब्दांना चालली असती. तसे होत नाही. प्रत्येक चालीला तिची आठवण असते. अभंगाच्या चालीबरोबर शरणभाव येतो, पोवाड्याबरोबर अभिमान येतो, लावणीबरोबर ओढ आणि तगमग येते. चांगला शाहीर हे जाणून चाल निवडतो. ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून जागी असलेली भावना तो हाताशी घेतो आणि तिला नव्या मागणीकडे वळवतो. अशा गाण्यात जुने आणि नवे एकाच वेळी ऐकू येते आणि त्या दोहोंच्या घर्षणातून अर्थ तयार होतो. छापील शब्द एकटे वाचले, तर हे घर्षण कागदावर उमटतच नाही.

महाराष्ट्रात या परंपरेचे पहिले ठळक उदाहरण जोतीराव फुल्यांचे आहे. १८६९ साली त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहून प्रसिद्ध केला. पोवाडा तोवर काय होता, हे आठवले की त्यांच्या निवडीची धार कळते. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा असो की सिंहगडावरचा तुळशीदासाचा, पोवाडा हा पराक्रमी पुरुषाची कीर्ती गाण्याचा प्रकार होता आणि शाहिराला त्याबद्दल बिदागी मिळे. फुल्यांनी हीच कीर्ती गायली, पण राजा कोणाचा, हा प्रश्न बदलून टाकला. त्यांचा शिवाजी शेतकऱ्यांचा, शूद्रातिशूद्रांचा होता. ज्या पोवाड्याने छाती फुगते त्याच पोवाड्याने त्यांनी रयतेला सांगितले की हा वारसा तुमचा आहे आणि तो तुमच्याकडून काढून घेतला गेला आहे. प्रबंधात हे विधान वादाचे झाले असते. पोवाड्यात ते अभिमानाचे झाले. चार वर्षांनी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे त्या समाजाच्या प्रचारकांनी गाण्याचे हे हत्यार गावोगाव नेले.

त्याच शतकाच्या शेवटच्या दशकात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि त्याबरोबर मेळे आले. एकसारख्या पोशाखातली मुले टिपऱ्या-लेझमीच्या तालावर पदे म्हणत रस्त्याने निघत. पदे गणपतीची असत, पण त्यांत स्वदेशी, बहिष्कार, शिवकाळ आणि परकी सत्ता यांची वर्णने मिसळलेली असत. देवाच्या उत्सवाला सरकारला सहज हात घालता येत नव्हता. त्या आडोशाने राजकारण रस्त्यावर आले. सरकारला ते कळायला फार वेळ लागला नाही आणि १९१०च्या सुमारास मेळ्यांवर कडक निर्बंध आले. पण मेळ्याची रचना कोणा एका पक्षाची मिरास राहिली नाही. १९२०च्या दशकात पुण्यात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या ब्राह्मणेतर चळवळीने छत्रपती मेळा काढला आणि विरोधी बाजूच्या सन्मित्र मेळ्याशी त्याचा उघड सामना झाला. एकाच शहरात, एकाच उत्सवात, एकाच रचनेची गाणी परस्परांविरुद्ध उभी राहिली. लोकप्रिय गाण्याचा हा स्वभाव पुढच्या सगळ्या इतिहासात दिसतो. ते ज्याच्या गळ्यात बसते त्याचे होते. म्हणून ते आपल्या बाजूचे आहे, हे कोणाही चळवळीला गृहीत धरता येत नाही. ते दरवेळी नव्याने मिळवावे लागते.

सत्यशोधक जलसा आणि त्याच्या पाठोपाठ आलेला आंबेडकरी जलसा यांनी ते कसे मिळवले, हा या पुस्तकाचा पहिला मोठा भाग आहे. जलशाने अंग तमाशाचे घेतले. गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम. ढोलकी, तुणतुणे, झांज ही साथ. शाहिराच्या मागे झील धरणारे सुरते. गावाला हे सगळे तोंडपाठ होते. आणि नेमकी तिथेच अडचण होती. तमाशाच्या फडात नाचणाऱ्या-गाणाऱ्यांत महार, मांग, कोल्हाटी समाजांतली माणसे मोठ्या संख्येने होती. कला त्यांची, पण त्या कलेबरोबर येणारी अवहेलनाही त्यांचीच. पठ्ठे बापूरावांनी चळवळीसाठी देऊ केलेला तमाशाचा पैसा डॉ. आंबेडकरांनी नाकारला, अशी आठवण सांगितली जाते. आपल्या बायकांना फडावर नाचवून मिळणाऱ्या पैशावर स्वाभिमानाची लढाई उभी राहू शकत नाही, ही त्यामागची भूमिका होती. मग ज्या प्रकाराचा एवढा सल होता, त्याच प्रकारातून स्वाभिमान कसा गायचा?

जलसाकारांनी यावर जो मार्ग काढला तो मला फार मोठा कलाविचार वाटतो. त्यांनी तमाशा टाकून दिला नाही आणि जसाच्या तसा घेतलाही नाही. त्यांनी त्याचा एकेक अवयव तपासला. फडावर बाई नाचवायची नाही, हे ठरले. गणातले स्तवन बदलले. गौळणीतली छेडछाड गेली. बतावणीतला हजरजबाबीपणा मात्र पुरेपूर ठेवला, कारण प्रश्नोत्तरातून भेद उघडा पाडायला त्यासारखे साधन नव्हते. वगात राजाराणीच्या जागी गावचा पाटील, भट, सावकार आणि शाळेत जाऊ पाहणारे पोर आले. नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी १९३०च्या दशकात आपल्या तरुण सोबत्यांबरोबर जलसा उभा केला. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला होता आणि हवा तापलेली होती. मेलेली जनावरे ओढू नका, दारू सोडा, मुलांना शाळेत घाला, मताचा हक्क ओळखा, असे जलशाचे विषय. दिवसभर राबून आलेली वस्ती रात्री जलशाला बसे आणि सकाळी त्यातले एखादे धृपद घेऊन कामावर जाई. बाबासाहेबांनी जलशाच्या एका प्रयोगाचे मोल आपल्या अनेक सभांपेक्षा अधिक मानले होते, ही आठवण शाहिरांच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कर्डकांनी स्वतः या जलशांचे स्वरूप आणि कार्य पुस्तकरूपाने नोंदवून ठेवले, हे आपल्यावर मोठे उपकार आहेत.

दुसरा भाग गिरणगावाचा आहे. लालबाग-परळच्या चाळींत घाटावरचा आणि कोकणातला माणूस एकाच व्हरांड्यात राहत होता. त्याच्याबरोबर भजन आले, बाल्या नाच आला, शाहिरी आली. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावातून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेले अण्णा भाऊ साठे या गर्दीत वाढले. शाळा जवळपास न पाहिलेल्या या माणसाने आरंभी माटुंग्याच्या लेबर कॅम्पातल्या डासांवर गाणे रचले होते. १९४४ साली अण्णा भाऊ, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंची लेखणी, गव्हाणकरांची रचना आणि अमर शेखांचा ध्वनिक्षेपकाची वाट न पाहणारा आवाज, हे तिघे एकत्र आले आणि कामगार मैदानावरच्या सभांचे रूप पालटले.

या कलापथकाच्या आगेमागे अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला. व्होल्गेच्या काठावरचे ते शहर परळच्या श्रोत्याने पाहिले नव्हते, त्याचे नावही त्याच्या जिभेला नवे होते. पण किल्ला लढवणे त्याला माहीत होते. मूठभर मावळे, वेढा घालून बसलेला शत्रू, हार न मानणारी जिद्द हे सगळे पोवाड्याने त्याला लहानपणापासून दिले होते. अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडला त्या ओळखीच्या घरात आणून बसवले. जगातल्या फासिस्टविरोधी युद्धाचा अर्थ गिरणी कामगाराला एका रात्रीत कळला, तो व्याख्यानाने कळला असता का, याची मला शंका आहे. कलापथकाच्या वगांतल्या गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि तिच्यासाठी प्राण दिलेल्यांना वंदन आले. जलशाने सुरू केलेले काम इथे पुढे गेले.

आणि मग ‘माझी मैना गावावर राहिली’. ही छक्कड आहे, लावणीच्या कुळातली. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकुळ झाला आहे, असा तिचा आरंभ. तिचे रूप, तिचे दागिने, निघताना तिचे डोळे. शृंगाराची आणि विरहाची ही सगळी सामग्री लावणीने शतकभर वापरलेली आहे. कामगारांच्या गर्दीतल्या बहुतेकांची बायको खरोखरच गावी होती, त्यामुळे पहिल्या कडव्यातच प्रत्येकाचा कंठ दाटत असणार. मग गाणे मुंबईकडे वळते, तिथल्या श्रीमंतीकडे आणि हालांकडे, आणि शेवटी कळते की मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तोडला गेलेला मराठी मुलूख आहे. बेळगाव, कारवार आहे. ताटातूट दोघांची होती, ती एका प्रदेशाची झाली. भाषावार प्रांतरचना हा आयोगांचा आणि अहवालांचा विषय. अण्णा भाऊंनी तो प्रत्येकाच्या स्वतःच्या घराचा केला. चालीतली ओढ आणि मागणीतली ओढ एकरूप होणे म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण मराठीत मला दुसरे सापडलेले नाही. यात लावणी प्रचाराला जुंपली गेली असे म्हणणे अन्यायाचे आहे. लावणीतल्या विरहाला तिथे अधिक मोठा विषय मिळाला.

संयुक्त महाराष्ट्राचा लढा अशा गाण्यांनी भारलेला होता. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, पुढच्या महिन्यांत आणखी बळी गेले. हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. १९५६च्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. आचार्य अत्र्यांची लेखणी आणि वाणी, अमर शेखांचा डफ, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातल्या समाजवादी गायकांचे आवाज हे सगळे एका मैदानावर आले. एरवी एकमेकांशी पटत नसलेल्या पक्षांची माणसे एका धृपदात सामील होऊ शकत होती, हे गाण्याचे त्या काळातले मोठेच काम. १ मे १९६० रोजी राज्य झाले.

याच गोष्टीची दुसरी बाजू गोव्यात आहे आणि मराठी वाचकाने ती मोकळ्या मनाने ऐकली पाहिजे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, असा सवाल होता. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळेपणाची दोन पाने. उल्हास बुयांव यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगाव फिरून कोकणी गाण्यांतून गोंयकारांना साद घातली. मनोहरराय सरदेसायांसारख्या कवीचे शब्द त्यांच्या गळ्यात होते. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले. मुंबईत गाण्याने मराठी मुलूख जोडण्याची हाक दिली, त्यानंतर दहाएक वर्षांनी पणजी-मडगावकडे गाण्यानेच आपली माती वेगळी ठेवण्याची हाक दिली. दोन्हीकडचे गाणारे आपापल्या भूमीवर जीव लावून बोलत होते. हे दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय या विषयाचे आकलन पुरे होत नाही, म्हणून हे प्रकरण इथे आहे.

तिसरा भाग लोककवी वामनदादा कर्डकांपासून सुरू होतो. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, १९२२ साली जन्मलेला हा माणूस मुंबईत मजुरी करता करता अक्षरे शिकला आणि १९४३ साली एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर त्याने पहिले गाणे केले. आरंभच सिनेमाच्या चालीने झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तोपर्यंत शहरातल्या श्रमिकांचा कान बदलला होता. इराण्याच्या हॉटेलातला रेकॉर्ड-प्लेअर, रेडिओ, तंबूतला सिनेमा यांनी हिंदी चित्रपटसंगीत वस्तीवस्तीत पोहोचवले होते. कवालीचे मुकाबले रात्र रात्र रंगत होते. वामनदादांच्या पिढीने हा नवा कान ओळखला. पोवाडा आणि लावणीइतकीच सिनेमाची चाल आणि कवालीचा ठेका आता लोकांचा होता. प्रेमगीताच्या चालीत त्यांनी बाबासाहेबांविषयीची माया भरली, १४ ऑक्टोबर १९५६च्या धर्मांतरानंतर बुद्धाची करुणा भरली आणि चळवळ फुटत गेली तेव्हा पुढाऱ्यांना विचारायचे प्रश्नही भरले. त्यांच्या गाण्यांची संख्या हजारोंत मोजली जाते. शेकडो गायकांनी ती गायली. गाणाऱ्यांना रचनाकाराचे नाव नेहमी माहीत असे, असेही नाही.

सिनेमाची चाल म्हटली की अजूनही अनेकांच्या कपाळाला आठी पडते. उसनवारी, सवंगपणा, असे शब्द येतात. माझे म्हणणे वेगळे आहे. ज्यांच्या वाट्याला देवळातला मृदंग आला नाही, संगीत शिकवणाऱ्या गुरूचे घर आले नाही, त्यांच्या वाट्याला तिकिटाच्या पैशात किंवा फुकटात जे सर्वांत सुरेल संगीत आले ते सिनेमाचे होते. ते त्यांनी हक्काने घेतले. भाड्याच्या चालीत आपली मालकीची गोष्ट सांगण्याची ही कला आहे. पुढे १९८०च्या दशकात कॅसेट आली आणि भीमगीतांचा बाजार उभा राहिला. प्रल्हाद शिंद्यांचा एकच गळा विठ्ठलाच्या भक्तिगीतात आणि भीमगीतात सारख्याच आर्ततेने ऐकू येऊ लागला. कॅसेटने गाणे दूर नेले. गायकाच्या समोर बसून धृपद उचलणारा जमाव मात्र थोडा थोडा ऐकणाऱ्यांत मोडू लागला. हे नुकसान छोटे नव्हते.

स्त्रियांच्या चळवळीने हाच धडा स्वतःच्या अंगणातून गिरवला. ज्योती म्हापसेकरांच्या ‘मुलगी झाली हो’ या नाटकाने १९८३पासून हुंडा, मुलगाच हवा हा हट्ट, घरातली मारहाण हे विषय लोकगीतांच्या ओळखीच्या सुरावटींतून मांडले. जात्यावर आणि पाळण्याशी जे सूर बाईने स्वतःशी म्हटले होते, ते तिने चौकात उभे राहून म्हटले. तमाशातून बाईला बाहेर काढताना जलशाने जी जागा रिकामी ठेवली होती, ती इथे बाईने स्वतःच्या अटींवर भरली, असे मला वाटते.

गाणे निरुपद्रवी असते तर सत्तेने त्याची एवढी दखल घेतली नसती. नाशिकच्या बाबाराव सावरकरांना १९०९ साली जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्यामागे कवितांची एक पुस्तिका होती. त्यांचे धाकटे बंधू विनायकराव यांचे सिंहगडावरचे आणि बाजीप्रभूवरचे पोवाडे जप्त झाले. स्वातंत्र्यानंतरही लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. तमाशावर बंधने आली, तेव्हा त्यातला सारा ऐवज ‘लोकनाट्य’ या नावाने पुन्हा रंगमंचावर उभा राहिला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन दहा जण मरण पावले आणि काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. डाव्या चळवळीत आयुष्य घालवलेल्या त्या गायकाची आणि त्या वस्तीची कहाणी आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटात आहे. २०१४च्या ‘कोर्ट’ या चित्रपटात वृद्ध लोकशाहिरावर खटला चालतो, तो त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली या आरोपाखाली. चित्रपटातली गाणी शाहीर संभाजी भगत यांची आहेत. १९०९चा खरा खटला आणि शंभर वर्षांनंतरचा हा काल्पनिक खटला यांत एक गोष्ट समान आहे. सरकारी वकिलांना गाण्याच्या ताकदीविषयी समीक्षकांपेक्षा अधिक खात्री आहे.

समीक्षेचा आक्षेप टाळून पुढे जाणे बरे नाही. हे सारे प्रचारकी आहे, प्रसंग संपला की गाणे संपते, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. या परंपरेत हजारो गाणी अशी झाली की ज्यांत चालीवर घोषणा बसवल्या आहेत आणि बाकी काही नाही. ती विसरली गेली, आणि विसरली गेली हे योग्यच झाले. पण याच न्यायाने पाहिले तर निसर्गकवितांचे आणि प्रेमकवितांचे ढीगही विस्मरणात गेलेले आहेत. त्यावरून कोणी निसर्गकवितेला प्रकार म्हणून बाद करत नाही. ‘मैना’ टिकली, वामनदादा टिकले, कारण तिथे राजकीय मागणी माणसाच्या सुखदुःखातून उगवली आहे. चालीने आणलेली भावना आणि शब्दांनी मांडलेली मागणी यांचा सांधा जिथे खरा जुळतो तिथे गाणे प्रसंग ओलांडते. जिथे तो जुळत नाही तिथे कितीही उदात्त विचार गाण्याला तारत नाही. कसोटी कलेचीच आहे. फक्त ती कानाने लावावी लागते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. लोकांची चाल सगळ्यांनाच घेता येते आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना ती अधिक मोठ्या आवाजात वाजवता येते. निवडणुकीच्या हंगामात प्रत्येक पक्षाची गाडी गाजलेल्या गाण्यांवर उमेदवाराचे नाव बसवून गल्लोगल्ली फिरते. चाल तीच, शब्द नवे, युक्ती तीच. मग जलशात आणि या गाडीत फरक काय? मला फरक असा दिसतो. जलशाने तमाशाची रचना घेतली तेव्हा ती तपासली, सोलली, बदलली आणि ती रचना ज्यांची होती त्यांची मान उंच होईल अशा रूपात त्यांना परत केली. अण्णा भाऊंनी लावणी घेतली आणि ती अधिक श्रीमंत करून परत केली. गाडीवरचे गाणे लोकांच्या आवडीतून घेते आणि काहीच परत करत नाही. त्याला आपले मत हवे असते, आपला आवाज नको असतो. म्हणूनच त्यात धृपद असूनही कोणी झील धरत नाही. राजकीय गाण्याविषयी विचारण्याजोगा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, की ऐकणाऱ्याला ते गाणारा करते की नाही.

आज ढोलकीच्या जागी लॅपटॉपवर बांधलेला ठेका आहे, मराठीत रॅप करणारी मुले वस्तीवस्तीत आहेत आणि त्यांच्या शब्दांत पाणी, जात, बुलडोझर, नोकरी हे विषय आहेत. त्यांना आपण फार नवे काही करत आहोत असे वाटत असेल, तर त्यांच्या हाती हे पुस्तक पडावे अशी माझी फार इच्छा आहे. जगात गाजणारा ठेका घेऊन त्यात स्वतःच्या गल्लीचे बोलणे भरणे, हेच वामनदादांनी केले होते, हेच भीमराव कर्डकांनी आणि अण्णा भाऊंनी. त्यांच्याकडून शिकण्याजोगे पुष्कळ आहे. चाल कशी निवडावी, कोणत्या शब्दावर श्रोता मागे वळून पाहतो, राग किती आणि माया किती, आणि घेतलेल्या प्रकारातले काय टाकून द्यायचे.

वाचकांना एक विनंती. पुढच्या पानांवर प्रत्येक गाण्याखाली चालीची ओळ जिथे मिळाली तिथे ती ठेवली आहे. चाल माहीत असेल तर गाणे मोठ्याने म्हणून पाहा. माहीत नसेल तर घरातल्या, शेजारच्या, कामावरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. गिरणीत काम केलेल्या, जलशाला बसलेल्या, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना गेलेल्या माणसांच्या घरांत त्या चाली अजून आहेत. त्या टिपून ठेवण्याचे काम विद्यापीठांनी करायला हवे, पण त्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. हातातल्या फोनवर ध्वनिमुद्रण होते. चाल गेली तर हे शब्द उरतील आणि शब्द वाचून उद्याचा अभ्यासक म्हणेल की बरा विचार होता, साधी रचना होती. हजारो माणसे त्यासाठी रात्रभर का बसली, हे त्याला कधीच कळणार नाही. ते कळावे एवढ्यासाठी हा संग्रह आहे, आणि तो तुम्ही गायल्याशिवाय पुरा होणार नाही.